एकदाच विचारतात

बोलण्याआधी ते हात वर करायचे. वर्गातली मुलं करतात तसा नाही. लांबून येणारी बस थांबवायला करतात तसा, सरळ आणि पंजा ताठ. मग वहीत एकदा बघून म्हणायचे, "टीचर, वन स्मॉल क्वेश्चन."

प्रश्न लहान कधीच नसायचा. "दुकानातली मुलगी मला 'हाऊ आर यू' विचारते आणि माझं उत्तर यायच्या आत पिशवी भरायला लागते. ऐकायचं नसेल तर विचारते कशाला?" किंवा, "शेजारी म्हणाला, वी मस्ट कॅच अप. मी कोणत्या दिवशी ते विचारलं, तर तो नुसता हसला. असं का?"

आता ह्याला मी काय उत्तर देणार? मी पुण्याची. आमच्याकडे 'कसं काय' विचारलं की समोरचा स्वतःच्या गुडघ्यापासून सुनेच्या स्वभावापर्यंत सगळं सांगतो आणि आपणच विचारलेलं असल्यामुळे ते ऐकून घ्यावं लागतं. पण टीचर म्हणून नेमलेली मी होते, तेव्हा काहीतरी सांगायला हवं होतं. मी सांगायचे, "त्याचं उत्तर 'गुड, थँक यू' एवढंच असतं." ते मान हलवून वहीत लिहून घ्यायचे. पटलं नाही तरी लिहून घ्यायचे, हा त्यांचा मोठेपणा.

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात आम्ही घर घेतलं ते मुलीच्या शाळेसाठी. इथे बहुतेक सगळे त्याचसाठी येतात. आमच्या गल्लीत निम्मी घरं चिनी कुटुंबांची, आणि प्रत्येक घरात नातवंडं सांभाळायला आलेले एखादे आजी-आजोबा. त्यांच्यासाठी जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आठवड्यातून दोनदा वर्ग चालायचा. थोडं इंग्रजी संभाषण आणि थोडे पाश्चात्त्य रीतिरिवाज. पुण्यात मी शाळेत शिकवत होते, इथे ते काम मिळेना, म्हणून हा वर्ग घेतला. नवऱ्याला हसू आवरेना. "पुण्याची बाई लोकांना सौजन्य शिकवणार? दुपारी एक ते चार वर्ग बंद ठेव म्हणजे झालं."

सेंटरने मला एक जाड फाइल दिली होती. चिनी विद्यार्थ्यांसाठी कोणीतरी फार वर्षांपूर्वी तयार केलेले धडे, प्रत्येक धड्यावर टोपीवाल्या माणसाचं चित्र. हस्तांदोलन करण्याआधी हातमोजा काढावा. कोणाचं वय किंवा पगार विचारू नये. भेट मिळाली तर देणाऱ्यासमोरच उघडावी आणि मनापासून आनंद झाल्याचं दाखवावं. "आवडली नसली तरी?" असं त्यांनी लगेच विचारलं होतं. मी म्हटलं, विशेषतः तेव्हा.

ते सत्तरीच्या पुढचे होते. उंच, सडपातळ, स्वेटरच्या आत टाय. एका कारखान्यात बॉयलर तपासण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलेलं, आणि पाश्चात्त्य रीतिरिवाजही ते तसेच तपासायचे. वहीत दोन रकाने. डावीकडे 'इथे', उजवीकडे 'आमच्याकडे'. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे.

पहिल्या आठवड्यातला धडा होता 'आपल्या कुटुंबाविषयी बोलणे'. इतरांनी नातवंडांची नावं आणि वयं सांगितली. हे उभे राहून म्हणाले, "मी मुलीच्या बाळंतपणासाठी आलो. माझी बायको चीनमध्ये आहे. तिच्या किडन्या चांगल्या नाहीत, म्हणून डॉक्टरांनी तिला विमानात बसू दिलं नाही. एप्रिलमध्ये मी तिच्याकडे परत जाणार." आणि खाली बसले. ते फेब्रुवारीत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मार्चच्या शेवटी करोनामुळे सेंटरला कुलूप लागलं आणि वर्ग लॅपटॉपवर आला. एप्रिलचं त्यांचं विमान रद्द झालं, मग जूनचंही. बायकोचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. तिची बहीण तिला न्यायची. "मला फक्त तिच्या शेजारी बसायचं आहे," ते एकदा म्हणाले. "चार तास ती तिथे पडून असते. बहीण खूप बोलते. बायकोला शांतता लागते."

आमचा वर्ग म्हणजे तेव्हा एक गंमतच होती, म्हणजे हसण्याची ताकद कोणात उरली असती तर. मी हस्तांदोलन शिकवत होते आणि जगात कोणी कोणाच्या हाताला हात लावत नव्हतं. जेवणाचं आमंत्रण कसं स्वीकारावं, यजमानिणीला फुलं कशी द्यावीत, निघताना दारात किती वेळ बोलावं, हे सगळं शिकवत होते आणि कोणाच्याही घरात पाहुण्याने पाऊल टाकायला बंदी होती. एका खोलीत नवरा मीटिंगमध्ये, दुसऱ्या खोलीत मुलगी शाळेत, आणि मी स्वयंपाकघरात कुकरशेजारी लॅपटॉप ठेवून चौदा चिनी आजी-आजोबांना काटा कोणत्या हातात धरायचा ते सांगते आहे. दिवस कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. कंटाळा असा अंगात मुरला होता की भांडायचाही कंटाळा यायचा.

पडद्यावरचा आजोबांचा चौकोन मात्र दहाला दहा मिनिटं कमी असतानाच उघडायचा. टाय नीट. खांद्यावर दुपटं, आणि दुपट्यावर झोपलेली नात. मुलगी हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि तिच्या शिफ्टला अंत नव्हता. जावई दुसऱ्या राज्यात खाणीवर कामाला आणि त्या राज्याची सीमाही बंद. म्हणून एका हाताने बाळ थोपटत ते दुसऱ्या हाताने लिहून घ्यायचे. हात वर करायचा झाला की पेन्सिल आधी कानावर जायची.

तो धडा जुलैच्या शेवटी होता. विषय, 'जेवताना आग्रह'. धड्यात लिहिलं होतं, यजमानाने आणखी हवं का विचारलं आणि तुम्हाला हवं असेल, तर लगेच 'येस, प्लीज' म्हणावं. नाही म्हणालात तर ते खरं धरलं जातं. पुन्हा विचारलं जात नाही.

मी हे वाचून दाखवलं आणि मला राहवेना. म्हटलं, आमच्याकडे हे चालतच नाही. पहिला नकार हा नकार नसतोच. पंगतीत माणूस दोन्ही हात ताटावर आडवे धरतो, वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, आणि 'नको नको' म्हणत माणूस ती खातो. लगेच हो म्हणणारा हावरट ठरतो. हे सांगितल्यावर चौदाच्या चौदा चौकोन जागे झाले. "सेम! सेम!" एक आजी स्वतःच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट सांगायला लागल्या, दुसऱ्या एकीने नकार कसा द्यायचा ते हातवारे करून दाखवलं. कित्येक महिन्यांत आम्ही इतकं हसलो नव्हतो.

आजोबांनी हात वर केला. "टीचर, वन स्मॉल क्वेश्चन. हवं तर आहे, पण लगेच हो म्हणायची लाज वाटते. तेव्हा काय करायचं?"

"मग उपाशी घरी जायचं," मी म्हणाले.

सगळे पुन्हा हसले. तेही हसले. तेवढ्यात माझी मुलगी मागून ओरडली, "मॉम, आय नीड द लॅपटॉप! माझा चार्जर डेड आहे!" मी वर्ग पाच मिनिटं आधीच संपवला. त्या धड्याखाली सराव होता. दोघादोघांनी एकमेकांना विचारायचं आणि पहिल्याच वेळी 'येस, प्लीज' म्हणून दाखवायचं. तो सराव मी पुढच्या वेळी घेऊ म्हटलं आणि पुढच्या वेळी दुसराच धडा घेतला. दमले होते. हे कारण मी अजूनही स्वतःला देते आणि ते खरंही आहे.

ऑगस्टमध्ये चीनला जाणारं विमान आठवड्यातून एकच होतं, शनिवारी. तेही कधी जायचं, कधी नाही. जागा मिळणं म्हणजे नशीब. त्यांची मुलगी शिफ्टवरून आली की विमान कंपनीला फोन लावून बसायची आणि पलीकडचं संगीत ऐकत ऐकत झोपून जायची.

एका शुक्रवारी वर्ग संपला, सगळे हात हलवून गेले, आणि आजोबांचा चौकोन तेवढा राहिला. हात वर होता.

"टीचर, वन स्मॉल क्वेश्चन. ऑस्ट्रेलियन माणूस दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा किती दिवसांनी विचारतो?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी नीट क्रमाने सांगितलं. त्यांचा शेजारी प्रवासाच्या तिकिटांचं काम करायचा, आता घरूनच. सोमवारी सकाळी कुंपणापलीकडून तो म्हणाला होता, "मेट, शनिवारच्या विमानात एक जागा सुटली आहे. तुझं नाव घालू का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, नो, नो, तुम्हाला फार त्रास होईल."

"आणि तो?"

"तो म्हणाला, नो वरीज."

मंगळवारी ते सकाळी अंगणात झाडू घेऊन गेले, कुंपणाजवळची पानं झाडत बसले. शेजारी आला, गुड मॉर्निंग म्हणाला, आत गेला. बुधवारी पुन्हा झाडलं. गुरुवारी झाडायला पानं नव्हती, तरी झाडलं. "आज शुक्रवार," ते म्हणाले. "विमान उद्या आहे. म्हणून मला वाटलं, तुम्हाला विचारावं."

"मुलीला का नाही सांगितलं?"

"ती लगेच पळत जाऊन हो म्हणाली असती. ते मागितल्यासारखं झालं असतं. तो स्वतः विचारेल म्हणून मी थांबलो."

त्यांच्या वहीत डाव्या रकान्यात नियम लिहिलेला होता, हे मला माहीत होतं. एकदाच विचारतात. त्यांच्या अक्षरात, खाली रेघ मारून. पण सत्तर वर्षांचं वळण वहीतल्या एका ओळीने थोडंच जातं? माझी आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. पण आईसुद्धा कोणाच्या घरी पहिल्या खेपेला चहा घ्यायची नाही.

मी पत्ता विचारला, मास्क लावला आणि निघाले. तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या आत, व्यायामासाठी एक तास चालायची परवानगी होती. मी व्यायाम करत नव्हते, धावत होते. आयुष्यात धावले नाही तेवढी त्या दिवशी धावले, चष्म्यावर वाफ धरलेली.

शेजारी पुढच्या अंगणात पत्रपेटी रंगवत होता. पंचावन्न-साठचा, थंडीतही अर्ध्या चड्डीत, चेहरा मोकळा. मी कुंपणाबाहेरूनच सगळं सांगितलं. तो ब्रश हातात धरून ऐकत राहिला.

"पण मी त्याला विचारलं होतं, लव्ह," तो म्हणाला. "ही सेड नो."

"त्यांना हो म्हणायचं होतं."

"मग म्हणायचं ना! एका शब्दाचं तर काम होतं." त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मला वाटलं, बाळाला सोडून जायचं नसेल. मला वाटलं, उगाच कशाला खोदून विचारा. त्याचं खासगी असेल काही." ती जागा त्याने बुधवारी एका विद्यार्थिनीला दिली होती. तरी त्याने तिथल्या तिथे तीन फोन लावले. विमान भरलं होतं. "पुढच्या आठवड्याचं बघतो. त्याला सांग, मी बघतो."

मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण रागवायचं कशाबद्दल? दुसऱ्याच्या मनाचा मान ठेवायचा म्हणून तो गप्प राहिला होता. आजोबाही त्याच्या मनाचा मान ठेवायचा म्हणूनच नाही म्हणाले होते. दोघंही आपापल्या घरच्या शिकवणीप्रमाणे उत्तम वागले. आणि त्या दोन शिकवणी एकमेकींना समजावून सांगायचं काम ज्या बाईकडे दिलेलं होतं, ती बाई जिलबीच्या गोष्टी सांगत बसली होती.

पुढच्या शनिवारचं विमान रद्द झालं. त्यापुढच्या शनिवारी विमान होतं, जागा नव्हती. शेजारी रोज कुंपणापाशी येऊन बातमी सांगायचा, आणि आजोबा रोज त्याला 'थँक यू, सॉरी फॉर ट्रबल' म्हणायचे. अखेर त्याच्या पुढच्या शनिवारची जागा पक्की झाली. त्यांनी ते वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे उतरल्यावर चौदा दिवस हॉटेलमध्ये वेगळं राहायचं होतं, मग घर. "चौदा दिवस मी तिला फोनवर सोबत करीन," ते म्हणाले. "एकाच गावात असलो की फोनसुद्धा जवळचा वाटतो."

त्या शुक्रवारी त्यांचा चौकोन नेहमीच्या वेळी उघडला. टाय होता. मी म्हटलं, "उद्या निघणार ना? बॅग भरून झाली?" ते म्हणाले, "माझी बायको काल गेली. वर्गाच्या वेळेत सांगतो आहे, माफ करा."

सगळ्या आज्या एकदम चिनीत बोलायला लागल्या. मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता आणि कळण्याची गरजही नव्हती. ते खाली मान घालून ऐकत होते आणि खांद्यावरच्या बाळाला थोपटत होते. माझ्या फाइलमध्ये शोक व्यक्त करण्याचाही धडा होता. मी ती फाइल मिटली आणि रडले. टीचरने वर्गात रडावं का, ह्याविषयी तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी कॅलेंडरसमोर उभी राहून दिवस मोजले. ते पहिल्या विमानाने गेले असते, तर चौदा दिवस संपून शनिवारी घरी पोचले असते. ती गुरुवारी गेली. पाच दिवस. बोटांवर मोजून पाहिले, तरी पाचच. पाच दिवसांत दोनदा डायलिसिस झालं असतं, आणि दोन्ही वेळा ते तिच्या शेजारी गप्प बसले असते. त्यांना एवढंच हवं होतं.

शनिवारी सकाळी मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. दुसरं काय करायचं ते सुचेना. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला त्याच देतात. डबा घेऊन चालत गेले. मुलगी बाळाला गाडीत बसवत होती, तिचे डोळे सुजलेले. शेजाऱ्याने कोणालाही न विचारता बॅग उचलून डिकीत ठेवली आणि आपल्या बाजूला जाऊन उभा राहिला. पडद्यावर आजोबा जेवढे उंच वाटायचे त्यापेक्षा खूप कमी उंच वाटले. मार्चनंतर मी त्यांना समोरासमोर पहिल्यांदाच बघत होते.

मी डबा पुढे केला. "प्रवासात खायला."

"नो, नो, टीचर. तुम्हाला त्रास."

"घ्या ना."

"नो, नो. विमानात देतात."

"घ्या हो. मला बरं वाटेल."

तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. झाकणावर हात ठेवला. डबा अजून गरम होता.

मी म्हटलं, "माझी चूक झाली. तो सराव मी घ्यायला हवा होता."

"नाही, टीचर. तुम्ही शिकवलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं." मास्कमुळे त्यांचा आवाज जाड येत होता. "सेहेचाळीस वर्षं मी घरात प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणालो. चहा, फिरायला जाणं, नवा कोट. आणि ती प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा विचारायची. सेहेचाळीस वर्षं. माझी सवय तिने बिघडवली."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. कौतुकाने सांगितलं. मग ते गाडीत बसले, डबा मांडीवर घेतला, आणि मुलीने गाडी काढली. ते परत आले नाहीत. पुढे वर्षभर वर्ग चालला, पण जेवणाचा तो धडा मी पुन्हा घेतला नाही.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत शेजारी आणि मी तिथेच उभे होतो, मध्ये दीड मीटर अंतर ठेवून. गार वारा सुटला होता. माझे पाय दुखत होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि घरी परत चालत जायचं होतं. तो डोळे पुसून म्हणाला, "चहा घेतेस का, लव्ह? इथे बाहेरच आणून देतो."

"नको, नको," मी म्हणाले. "कशाला उगाच त्रास."

"नो वरीज," तो म्हणाला, आणि आत गेला.

मला चहा खरंच हवा होता.